लोभ आणि परतफेड

लोभ हा सावकारांचा दुर्गुण, अशी आम्हां पुस्तकवेड्या प्राध्यापकांची सोयीस्कर समजूत असते. लूककृत शुभवर्तमानातील जक्कयाने ती डळमळविली. यरीहोचा हा धनाढ्य मुख्य जकातदार येशूस पाहावयास उंबरावर चढला. येशूने निर्भर्त्सना केली नाही. तो त्याचा पाहुणा झाला. तेव्हा जक्कय अर्धे धन दरिद्र्यांस देण्यास व लुबाडलेले चौपट परत करण्यास सिद्ध झाला. दानाने मान वाढतो. परतफेडीत अपराध कबूल करावा लागतो.

एका दिवंगत स्नेह्याचे पुस्तक आमच्या कपाटात होते. त्याने मागितले तेव्हा 'सापडत नाही' असे आम्ही सांगितले होते. काल ते त्याच्या मुलास दिले. पुस्तक देणे सोपे गेले. ते जुने असत्य सांगताना मात्र जीभ अडखळली.