पहिल्या बर्फाचा मोह

बर्फ म्हटले की आम्हां मुंबईकरांना गोळेवाला आठवतो. पण गुलमर्गला डिसेंबरातले पहिले बर्फ पाहावे! त्यालाही स्वभाव असतो, आणि कोवळ्या वयात तो मोठा फसवा असतो.

मी, धाकटी बहीण, मेहुणे आणि भाचा गोंडोलातून अफरवटच्या खांद्यावर, १३,००० फुटांच्या आसपास, उतरलो. पुढची चढण पायी. त्यासाठी स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. संसारातही अशी पट्टी मिळती तर!

समोर उभा उतार, गुडघाभर भुसभुशीत बर्फ, त्यावर एक रेघ नाही.

"मामा, आता थांबायचं कशाला?" भाचा म्हणाला.

वाटाड्याने उत्तरादाखल फावड्याने खड्डा खणला. वर पिठासारखे ताजे बर्फ, तळाशी जाड साखरेसारखे सुटे दाणे. हंगामाच्या आरंभी थर पातळ असतो. खाली जमीन उबदार, वर हवा गारठलेली. त्या तफावतीने तळ रवाळ होतो आणि वरचा थर माणसाच्या भारानेही निसटतो. ३० ते ४५ अंशांचा उतार तर हिमलोटाचा लाडका. गाडल्या गेलेल्याला वाचवायला हाती जेमतेम १०-१५ मिनिटे. तेवढ्यात धावून येणारे फक्त सोबतीच.

बहिणीने माझ्याकडे नुसते पाहिले. मी स्की मंद उताराकडे वळवली. भाचा घुश्शात गप्प. पण खालच्या झाडीत बर्फाचे लोट उडवीत तोच ओरडला, "मामा, पुन्हा वर!"

पुढे जायला सोबती पुष्कळ मिळतात. मागे फिरताना जो बरोबर फिरतो, तो आपला.