धुऱ्यावरून उडताना

हिंगणी हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील गाव. बोर धरणाकडे जाणारे पर्यटक गाडीच्या काचेतून ते पाहतात आणि पुढे निघून जातात. पुढे धरण आहे, जंगल आहे, आणि नशीब असेल तर वाघ आहे. या गावातील एका जैन कुटुंबात गेल्या वर्षी ड्रोन आले. त्याची ही हकीकत.

घरातील वडीलधारे गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षे त्यांनी कापूस आणि तुरीची अडत केली. दुकान आता मुलाच्या हाती आहे. तरीही सकाळी देवदर्शन आटोपून गादीवर बसल्याशिवाय आणि रोजमेळावर एकदा नजर फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. नातू नागपुरात अभियांत्रिकी शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो आला तो एकच विषय घेऊन : कॅमेऱ्याचे ड्रोन. दुबईला व्यवसाय करणाऱ्या मामांनी आपण होऊन देऊ केले होते. “येताना कपड्यांत गुंडाळून आणतो, कोण बघतो?” असे मामा फोनवर म्हणाले.

हे “कोण बघतो?” आजोबांच्या कानावर पडले आणि तिथेच ते ड्रोन बारगळले.

ते रागावले नाहीत. नातवाला एवढेच म्हणाले, “आणायला बंदी आहे की नाही, ते आधी बघ.” नातवाने पाहिले. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन भारतात आणण्यास परकीय व्यापार महासंचालनालयाने ९ फेब्रुवारी २०२२ पासून मनाई केलेली आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन यांसाठी तेवढा अपवाद. सुटे भाग मात्र आणता येतात. देशात हा उद्योग उभा राहावा, हा त्यामागचा हेतू. व्यापारी घराला आयातबंदी कशी असते हे समजावून सांगावे लागत नाही. मामांना नम्र नकार कळवला गेला. मामा थोडे दुखावले, आणि घरातील स्त्रियांनाही आजोबांचा हा काटेकोरपणा त्या क्षणी फारसा रुचला नाही, हेही नमूद केले पाहिजे. पुढे नातवाने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून देशी बनावटीचे, अडीचशे ग्रॅमच्या आतले एक लहान ड्रोन घेतले.

अडीचशे ग्रॅम ही मर्यादा महत्त्वाची आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांत वजनावरून पाच वर्ग केलेले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे ‘नॅनो’, त्यावर दोन किलोपर्यंतचे ‘मायक्रो’, पुढे पंचवीस किलो, दीडशे किलो आणि त्याहून जड. नॅनो ड्रोन उडवण्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन केवळ हौसेसाठी उडवायचे असेल तरी लागत नाही. नोंदणी मात्र हवी. सरकारी संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरून प्रत्येक ड्रोनला स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नियमभंगाचा दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आजोबांना या सगळ्यात आवडली ती वेगळीच गोष्ट. पूर्वी या कामासाठी पंचवीस प्रकारचे अर्ज आणि बहात्तर प्रकारची शुल्के होती. नव्या नियमांनी अर्ज पाचावर आणि शुल्के चारावर आणली. “बहात्तर!” असे म्हणून ते बराच वेळ हसत होते. विक्रीकराच्या काळात ज्यांनी दुकान चालवले, त्यांनाच त्या हसण्याचा अर्थ कळेल.

आकाशाचेही तीन पट्टे केलेले आहेत. हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी न घेता उडवता येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल पट्ट्यात केंद्र सरकारची. विमानतळाच्या कुंपणापासून बारा किलोमीटरपर्यंत निर्बंध असतात. नागपूरचा सोनेगाव विमानतळ हिंगणीहून त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. पण नकाशा बदलू शकतो, आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकारी एखाद्या भागात ९६ तासांपर्यंत तात्पुरती बंदी घालू शकतात. म्हणून उडवण्याच्या दिवशी नकाशा पाहायचा, हा घरात शिरस्ता पडला. नातू नकाशा पाही आणि आजोबा वहीत तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवीत. नियमात अशी वही कुठे सांगितलेली नाही. ती त्यांची स्वतःची खतावणी.

पहिले उड्डाण सोयाबीन निघालेल्या रिकाम्या शेतात झाले. दहा मिनिटांत बांधावर वीस माणसे जमली. एका म्हाताऱ्या सालगड्याने विचारले, “शेठजी, हा सर्वे व्हय काय?” प्रश्न भोळा नव्हता. ‘स्वामित्व’ योजनेत गावोगावच्या गावठाणांची मोजणी ड्रोननेच झाली. गल्लीबोळांत चुन्याच्या रेघा ओढल्या गेल्या आणि वरून छायाचित्रे घेऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या. त्यामुळे आकाशात ड्रोन दिसले की खेड्यातील माणसाला पहिली आठवण जागेची आणि कराची होते. दुसरी आठवण चोरांची. २०२४ च्या जून-जुलैत पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग, बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर अशा अनेक ठिकाणी रात्री ड्रोन फिरतात, ते चोरांचे आहेत, अशी भीती पसरली होती. गावेच्या गावे काठ्या घेऊन जागत होती. हिंगणी तिथून दूर, परंतु मोबाइलला अंतर नसते.

दुसऱ्या दिवशी आजोबा पोलीस पाटलांकडे आणि ग्रामपंचायतीत जाऊन सांगून आले : ड्रोन आमच्या घरचे आहे, हा त्याचा क्रमांक, आणि सूर्यास्तानंतर ते उडणार नाही. नातवाने कुरकुर केली की असे सांगण्याची सक्ती कुठल्याच नियमात नाही. ते खरे होते. पण सूर्यास्ताबाबत त्याचे काही चालणार नव्हते. आजोबांचे जेवण त्याआधी व्हायचे असते आणि ते शेतात असताना घरातील सगळ्यांचे ताट खोळंबते.

मे महिन्यात नातू पुन्हा आला. वर्ध्याचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. बहुतेक लहान ड्रोन चाळीस अंशांपर्यंतच उडवावे असे त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते; म्हणून पहाटे सहाची वेळ ठरली. एके सकाळी नांगरलेल्या शेतावर ड्रोन खाली आणताना एक टिटवी आकांत करीत त्यावर झेपावली. नातवाला वाटले, चित्रफीत उत्तम होईल. आजोबांनी लगेच ड्रोन दूर नेऊन उतरवायला लावले. जवळ जाऊन पाहिले तर ढेकळांत मातीच्याच रंगाची चार अंडी होती. आणखी थोडे खाली आले असते तर पात्यांच्या वाऱ्यात काय झाले असते, कोण जाणे. अंडी उबून पिल्ले निघून जाईपर्यंत त्या शेताकडे ड्रोन न्यायचे नाही असे ठरले. संक्रांतीच्या मांजाने पक्ष्यांचे पंख कापले जातात म्हणून आपल्या समाजात दरवर्षी हळहळ व्यक्त होते, आणि ती योग्यच आहे; मांजा वापरणारा मात्र नेहमी दुसऱ्याचा मुलगा असतो. येथे यंत्र स्वतःच्या नातवाच्या हातात होते.

याच सुट्टीत धरणाचा विषय निघाला. बोर अभयारण्य १९७० चे. २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाचे पाणी, पलीकडे साग आणि बांबूचे डोंगर, त्यावर सूर्योदय : हे वरून टिपावे असे कोणत्याही तरुणाला वाटेल. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते, हे नातवाला माहीत होते. त्याची युक्ती अशी : आपण हद्दीबाहेर रस्त्यावर उभे राहायचे आणि फक्त ड्रोन आत पाठवायचे. आजोबा म्हणाले, “मुनीम दुकानाबाहेर उभा राहिला आणि हात गल्ल्यात घातला, तर त्याला काय म्हणशील?”

नातू गप्प झाला, पण पटले नव्हते. वाघ काही ड्रोनला घाबरत नाही, असे तो म्हणत राहिला. त्याला पटले ते दोन दिवसांनी, स्वतःच काही वाचल्यावर. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात संशोधकांनी अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रणा बसवून वरून ड्रोन उडवले होते. ते निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक अस्वले जागची हलली नाहीत. पाहणाऱ्याला वाटावे, त्यांना काहीच झाले नाही. परंतु हृदयाचे ठोके मात्र वाढत होते. एका प्रसंगी ते नेहमीपेक्षा मिनिटाला १२३ ने वाढले. नातवाने हे आजोबांना वाचून दाखवले. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले. धरणाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

खरा पेच पुढे आला. शेताच्या पूर्वेला आजोबांच्या धाकट्या बंधूंची संत्र्याची बाग आणि घर आहे. वाटणीनंतर मधल्या धुऱ्यावरून दोघांत बिनसले. धुरा तिकडे सरकला की इकडे, यावरून अकरा वर्षे बोलणे बंद. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी नमस्कार मुलांमार्फत. एका सकाळी नातवाने काढलेल्या छायाचित्रात तो धुरा टोकापासून टोकापर्यंत आला. मध्यभागी तो चक्क आजोबांच्या शेतात वाकलेला दिसत होता. “आजोबा, हा घ्या पुरावा!”

आजोबांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिले. अकरा वर्षांत त्यांना दुसरे काही हवे होते असे नाही. मग त्यांनी विचारले, “हे विजेच्या खांबांचे तार एवढे वाकडे कसे?” कॅमेऱ्याच्या रुंद भिंगामुळे कडेच्या सरळ रेषा वाकतात, हे नातवाला कबूल करावे लागले. हद्द ठरते ती भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने. असल्या चित्राने नव्हे. छायाचित्राच्या कोपऱ्यात आणखी काही होते. बंधूंच्या अंगणात त्यांच्या पत्नी केस धुऊन बाजेवर पाठमोऱ्या बसल्या होत्या. आपण कोणाला दिसत आहोत याची त्यांना कल्पना नव्हती. आजोबांनी ते छायाचित्र पुसून टाकायला लावले आणि मोबाइलमध्ये दुसरीकडे कुठे उरलेले नाही ना, हे दोनदा विचारले.

त्या संध्याकाळी ते काठी घेऊन एकटेच धुऱ्यापर्यंत गेले. बंधू बागेत पाटाचे पाणी वळवत होते. आजोबांनी धुऱ्याच्या अलीकडे थांबून सांगितले की पोराने ड्रोन आणले आहे, आज चुकून तुमच्या अंगणाचे चित्र निघाले, ते पुसले आहे. यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय इकडे येणार नाही. आणि एकदा दोघांच्या अर्जाने मोजणी मागवू, फी निम्मी निम्मी.

मोजणीवर बंधू काही बोलले नाहीत. फावडे मातीत तसेच रोवून थोडा वेळ उभे राहिले.

“दुपारी नको फिरवू म्हणावं, दादा,” शेवटी ते म्हणाले. “घरी पापड-सरगुंडे वाळत असतात. धूळ उडते.”

दुसऱ्या दिवशी सहा वाजता नातवाने ड्रोन आपल्याच शेतावर उडवले. थोड्या वेळाने धाकटे आजोबा धुऱ्यावर येऊन उभे राहिले. त्यांनी छोट्या पडद्याकडे मान वाकवून पाहिले आणि विचारले, “यात विहिरीतलं पाणी दिसतं का रे?”