चेहऱ्याचे मालक

कोल्हापुरात शिवाजी महाराजांच्या चेहऱ्याची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. पापाच्या तिकटीवरून गंगावेशीकडे चालत निघा. चपलांचं दुकान असो, मिसळीचं हॉटेल असो, गल्ल्याच्या वर तसबीर असतेच. त्यातल्या कितीतरी तसबिरी आपल्याच गावच्या जी. कांबळे यांच्या चित्रावरून आलेल्या. १९१८ साली इथे जन्मलेल्या या माणसाची हयात सिनेमाची पोस्टरं रंगवण्यात गेली, व्ही. शांतारामांच्या चित्रपटांची पोस्टरंही त्यांनी केली. त्यांनी काढलेलं महाराजांचं चित्र राज्य शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलं, आणि छापखान्यांनी ते घरोघर पोहोचवलं.

महाराजांना जाऊन तेव्हा तीन शतकं होत आली होती. मग महाराज दिसायला कसे होते, हे आपण कशाच्या आधारावर सांगतो? त्याचं उत्तर काही लहान कागदांवर आहे, वहीच्या पानाएवढ्या. ते रायगडावर सापडले नाहीत, करवीरच्या राजवाड्यातही नाहीत. ते ॲमस्टरडॅमला, लंडनला, पॅरिसला आहेत.

महाराज १६७७ साली गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या भेटीला भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, गेले होते. गोवळकोंड्याचे चितारी त्या काळी राजे-सरदारांच्या छबींचे संच करून युरोपीय गिऱ्हाइकांना विकत. एकच छबी पुन्हा पुन्हा उतरवली जाई. महाराजांची छबी या संचांत कशी शिरली, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही; पण त्या भेटीत एखाद्या चिताऱ्याने त्यांना पाहिलं असेल, असं मानायला माझं मन धजावतं. असा एक संच डच व्यापाऱ्यांच्या वाटेने ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सन याच्याकडे गेला. तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांपैकी एक, आणि जगभरच्या चिजा गोळा करण्याचा नादी. तो १७१७ साली वारला, १७२८ साली त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्याचा हा चित्रसंग्रह आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

पॅरिसच्या चित्राची कथा आणखी फिरस्ती. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा भटक्या मोगल सेनापती जयसिंगाच्या छावणीत महाराजांना भेटल्याचं सांगतो. त्याने आपल्या पुस्तकासाठी मीर महंमद नावाच्या चिताऱ्याकडून चित्रं करून घेतली. त्यात घोड्यावर बसलेले महाराज आहेत. ती चित्रं व्हेनिसला गेली. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिस घेतलं आणि लुटीबरोबर चित्रंही पॅरिसला नेली. औरंगजेबाला जो राजा हाती लागला नाही, त्याची छबी अशी एका फ्रेंच सेनापतीच्या लुटीत सापडली.

यातल्या एकाही मालकाला महाराजांविषयी ममता नव्हती. विट्सनला कुतूहल होतं, मनुचीला पुस्तक सजवायचं होतं, नेपोलियनला जिंकल्याची खूण हवी होती. आणि तरी चित्रं टिकली, कारण ती पेटीत राहिली, यादीत चढली, कडेला नाव लिहिलं गेलं. आपल्याकडे असती तर आपण त्यांना देव्हाऱ्यात बसवलं असतं. उदबत्तीचा धूर, हळदकुंकू, कोल्हापूरचा चार महिन्यांचा पाऊस. शंभर वर्षांत चौकट तेवढी उरली असती.

भक्तीला नोंदीची गरज भासत नाही, म्हणून ती फसूही शकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इब्राहिमखान नावाच्या माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं. त्याला हार घातले जात होते, आणि ते मनापासून घातले जात होते. १९३३ साली इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतलं अस्सल चित्र पुढे आणलं, तेव्हा लोकांना आपला राजा दिसला. परक्या मुलखातल्या कुण्या कारकुनाने नाव टिपून ठेवलं नसतं, तर बेंद्र्यांच्या चिकाटीला धरायला दोराच मिळाला नसता.

पण या कारकुनालाच सगळं श्रेय द्यायला मी तयार नाही. दोनशे वर्षं ते नाव चित्राजवळ होतंच, त्याला कुणी हाक मारली नाही. ज्याला त्या चेहऱ्याची ओढ होती असा माणूस शोध घेत आला, तेव्हा त्या कागदाचं मोल झालं. आज चित्राची मालकी संग्रहालयांकडे आहे आणि ती कायद्याने त्यांचीच. कांबळ्यांच्या चित्रावर मात्र गल्लीतला प्रत्येक दुकानदार हक्क सांगतो, आणि त्याला तो नाकारायची कुणाची छाती नाही.

आपल्या हातून निसटलेलंही बरंच आहे. चित्रकार आबालाल रहिमान आपल्याच गावचे, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले. शाहू महाराज १९२२ साली गेले तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली चित्रं कोटीतीर्थ तलावात बुडवली, असं जुनी माणसं सांगतात. दंतकथा म्हणा, पण त्यांचं थोडंच काम आज पाहायला मिळतं, हे खरं. जुन्या वाड्यांतून पगडीवाल्या पूर्वजांची चित्रं अजून लटकलेली असतात. कोण हे, असं विचारलं की उत्तर येतं, ‘पणजोबा असतील.’ ज्यांना नक्की ठाऊक आहे ती माणसं आहेत तोवर चित्र खाली उतरवावं आणि मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने नाव, साल आणि चिताऱ्याचं नाव लिहावं. हार नंतर घातला तरी चालेल.