‘नाहीतर’ नेमकं कुणाचं?

परवा आत्याला घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. आत्या परित्यक्ता, वय ५४. परिपत्रकात लिहिलंय, ‘साठ वर्षांवरील विधवा व परित्यक्ता महिला’. टेबलावरचे साहेब म्हणाले, “साठ पूर्ण नाहीत, बसत नाही.” मी म्हटलं, साहेब, साठची अट विधवांना आहे, परित्यक्तांना कुठंय? ते म्हणाले, “आम्ही असंच वाचतो.” शेजारच्या तालुक्यात आत्याच्या मैत्रिणीचा, वय ५५, अर्ज याच ओळीवर मंजूर झालाय!

माझं पोट कंपायलरवर चालतं. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारा दुभाषा. आमच्याकडे हा घोळ साठ वर्षं जुना आहे. हे वाक्य बघा:

जर पाऊस असेल तर, जर छत्री असेल तर बाहेर जा, नाहीतर घरी बस.

हे ‘नाहीतर’ कुठल्या ‘जर’चं? छत्रीचं धरलं तर पावसात छत्रीशिवाय घरी बसायचं. पावसाचं धरलं तर ऊन असताना घरी बसायचं! व्याकरणाने दोन्ही बरोबर. याला आम्ही ‘डँगलिंग एल्स’ म्हणतो, म्हणजे लोंबकळणारं नाहीतर. अल्गॉल ६० या भाषेच्या १९६०च्या व्याख्येतही अशी फट राहिली होती. पॉल अब्राहम्स यांनी १९६६ साली त्यावर ‘अंतिम तोडगा’ म्हणून लेख लिहिला.

मग तोडगा काय? सी भाषेने सरळ नियम केला: ‘नाहीतर’ सगळ्यात जवळच्या ‘जर’चं. तुम्ही ओळ कितीही आत सरकवून लिहा, कंपायलर भीक घालत नाही. वेगळा अर्थ हवा तर महिरपी कंस टाका. गो, रस्ट, स्विफ्ट या नंतरच्या भाषांनी तर कंस सक्तीचेच केले. घोळाला जागाच नाही. आणि यॅक नावाचं जुनं अवजार, ज्याला व्याकरण दिलं की ते पार्सर बनवून देतं, ते अशी जागा दिसली की आधीच बजावतं: इथे दोन वाटा आहेत, मी जवळची धरतोय.

जवळचा नियमच शहाणपणाचा असं नाही हं. पण तो लिहिलेला आहे आणि पुण्यातल्या मशीनला एक, नागपुरातल्या मशीनला दुसरा असं होत नाही. आपल्याकडे मात्र प्रत्येक टेबल म्हणजे वेगळा कंपायलर. शंका आली तरी इशारा नाही, थेट अर्ज परत.

खरं तर दोन ओळींचं काम आहे. (अ) विधवा, वय ६० वर्षांवरील. (ब) परित्यक्ता, वयाची अट आहे की नाही ते स्पष्ट. आणि कल्याणकारी तरतुदीत दोन अर्थ निघत असतील तर लाभार्थ्याच्या बाजूचा घ्यावा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मानलेलंच आहे. ते टेबलापर्यंत पोचत नाही, एवढंच.

लेखी खुलासा मागणारा अर्ज देऊन आलोय, पोच घेतलीय. येताना एसटीत आत्या म्हणाली, “एवढं शिकलास, तुला तरी कळतंय का त्यात काय लिहिलंय?”

खरं सांगतो, त्या ओळीवरून मलाही ठरवता येत नाही. दोष वाचणाऱ्याचा कमी, लिहिणाऱ्याचा जास्त. तुमच्या हातात असं परिपत्रक आलं असेल तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कुठला अर्थ लावला ते लेखी मागा.