टिटवीचे घर

डॉ. सलीम अली यांचा जन्म १८९६ सालचा. त्यांनी देशभर हिंडून रानातले, वाळवंटातले, पाणथळीतले पक्षी पाहिले, असे गुरुजींनी सांगितले. मग मी आमचे शिवार हिंडलो. ओढ्याच्या दरडीत खंड्याचे बीळ दिसले. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे जुने खोपे दिसले. टिटवीचे घरटे मात्र सापडेना. ती नुसती डोक्यावर ओरडत फिरायची.

मे महिन्यात आप्पा कुळव मारत होते. मी ओरडलो, "आप्पा, थांबा!" बैलांपुढे मातीच्या खळग्यात चार अंडी, हुबेहूब खड्यांसारखी! आप्पांनी कुळव उचलून तेवढी जागा सोडली. शेजारचे काका हसले. आप्पा म्हणाले, "एवढ्याशा जागंत काय खंडीभर पिकणार हाय?"

पावसाआधी तिथे तीन पिले पळताना दिसली. मित्रांनो, माळावर चालताना पायाखाली बघत जा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ५ वी