माणूस निघाला, रेशनही निघालं!

अहो, तुम्हाला हे माहीत होतं? मला नव्हतं! कार्ड ज्या गावचं, धान्य त्याच गावात, आणि माणूस पोटासाठी परमुलखात गेला की त्याचं रेशन बुडालं, असंच मी आजवर धरून चालले होते. तसं नाहीये! अजिबात नाहीये!

आमच्या कोल्हापूरकडे साखर कारखाने सुरू झाले की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. काल रेशन दुकानात त्यांतलीच एक बाई माझ्यापुढे रांगेत होती. हातात नुसती पिशवी, कार्डसुद्धा नाही! तिनं कार्डाचा नंबर सांगितला, दुकानदारानं तो ई-पॉस मशीनमध्ये टाकला, आणि मग तिच्या घरातली सगळी नावं स्क्रीनवर आली, आणि मग तिनं अंगठा लावला, आणि मग टर्रर्र करत पावती बाहेर आली, आणि मग काट्यावर तांदूळ पडले! कार्ड बीडचं, तांदूळ कोल्हापुरात! आणि पैसे? शून्य! रांगेतल्या कुणाला त्याचं काही वाटलं नाही, मला मात्र राहवेना. मी विचारत सुटले, आणि घरी आल्यावर वाचत सुटले.

मी पुरवठा खात्यातली नाही, संगणकातलं तर मला ओ की ठो कळत नाही. पण जे समजलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, तेव्हा ऐकाच!

योजनेचं नाव ‘एक देश एक रेशन कार्ड’. ९ ऑगस्ट २०१९ ला आंध्र आणि तेलंगणा ही एक जोडी आणि दुसरी जोडी कुठली? महाराष्ट्र आणि गुजरात! म्हणजे एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याच्या पहिल्या तुकडीत आपण होतो! मग एकेक राज्य येत गेलं. २०२० च्या टाळेबंदीत शहरात अडकलेल्या कितीतरी मजुरांचं कार्ड गावी होतं आणि पोट इथे होतं. त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून हाती घेतला आणि जून २०२१ मध्ये राहिलेल्या राज्यांना ३१ जुलैची मुदत दिली. जून २०२२ मध्ये शेवटचं आसाम आलं, आणि सगळा देश जोडला गेला! सुमारे ८० कोटी लोकांचं धान्य! मला तर आकडा लिहितानाच धाप लागतेय!

पण खरी गंमत पुढेच आहे. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदयचं असेल तर घराला ३५ किलो. २०२३ पासून तेही मोफत. आता घरात सहा माणसं धरा, म्हणजे ३० किलो. नवराबायको कोयता घेऊन निघाली, धाकटं पोर काखेत, आणि आजीआजोबा शाळेतल्या थोरल्या नातीला घेऊन गावीच राहिले. घर दोन ठिकाणी झालं! मग ३० किलो कुणाचे? दोघांचेही! कारखान्याच्या गावी गरजेपुरतं धान्य घ्यायचं, मशीन तेवढंच वजा करतं, आणि मग आजी गावच्या दुकानात गेली की उरलेलं तिला मिळतं! एकच कार्ड, दोन चुली! हे ज्यांनी कुणी सुचवलं त्यांना माझा दंडवत! आपल्याकडे घर दर हंगामाला असं दुभंगतं, हे त्या यंत्रणेला कळलंय!

आणि बोटांचं काय? ऊस तोडून ठसे झिजतात, मशीन अंगठा ओळखत नाही, रेंज गेली की रांग ताटकळते. हे होतं, आणि ज्याचा रोज बुडतो त्याला ते फार महाग पडतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी डोळ्यांच्या स्कॅनची किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची सोय केलीय. ती सगळ्या दुकानांत हवी, आणि अंगठा उमटला नाही म्हणून एकही माणूस रिकाम्या पिशवीनं परत जाता कामा नये!

आता तुमचं काम! हो, तुमचंच, इथवर वाचलंत ना? तुमच्या भागात वीटभट्टी असेल, बांधकाम असेल, कारखान्याचा तळ असेल, तर तिथल्या माणसांना विचारा, रेशन इथे मिळतं हे ठाऊक आहे का? नसेल तर सांगा. कार्डावरच्या प्रत्येकाचं आधार जोडलेलं आहे का आणि ई-केवायसी झालीय का, ते बघायला सांगा. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला, तर १४४४५ या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावून द्या, आणि शक्य असेल तर पहिल्या वेळी सोबत जा. मशीन आहे, कायदा आहे, धान्य आहे. फक्त हे सांगणारं माणूस कमी पडतंय, आणि ते तुम्ही होऊ शकता. आजच व्हा!