पोंभुर्ण्यांतील आठ दिवस

सेवानिवृत्त शिक्षकास दोन गोष्टींची वाण नसते. एक मोकळा वेळ, आणि दुसरी लोकांस सुधारण्याची हौस. ही दुहेरी शिदोरी बरोबर घेऊन गेल्या दिवाळीनंतर आम्ही पोंभुर्ण्यास गेलों. चंद्रपूर जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव. आमचा पुतण्या तेथें नोकरीनिमित्त राहतो. ‘काका, एकदां आमचें रान पाहून जा,’ असा त्याचा तीन वर्षांचा आग्रह होता. परंतु त्या आग्रहामागें सूनबाईंचें एक काम दडलेलें होतें, हें तेथें पोंचल्यावर कळलें.

चंद्रपूर मागें पडलें कीं साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचें राज्य सुरू होतें. मध्येंच रान बाजूस सरतें, आणि धानाचीं बांधबंदिस्त शेतें व त्यांस पाणी पुरविणारीं तळीं दिसूं लागतात. एके काळीं हा चांद्याच्या गोंड राजांचा मुलूख. पुढें तो नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेला. वैनगंगेपलीकडील गडचिरोली १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांत होती. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून जो प्रदेश होतो, त्यास लोक झाडीपट्टी म्हणतात, व तेथील बोलीस झाडीबोली. आम्ही गेलों तेव्हां धानाची कापणी चालू होती, आणि साऱ्या हवेला ओल्या पेंढ्याचा वास होता.

पहिल्याच दिवशीं जेवणें आटोपल्यावर सूनबाईंनीं आपलें गाऱ्हाणें मांडलें. ‘काका, चिमीची भाषा अगदीं बिघडली. पाण्याला पानी म्हणते, डोळ्याला डोरा म्हणते. हिला पुण्यास माझ्या आईकडे ठेवावी म्हणतें. तोंपर्यंत तुम्ही आठ दिवस हिला जरा वळण लावा.’ सहा वर्षांची चिमी आमच्याकडे टकमक पाहत होती. आम्हींही मोठ्या उत्साहानें होकार दिला. झाडीबोलींत ण, श, ळ हे उच्चार नाहींत. आम्हीं तीस वर्षें संस्कृत शिकविलें. तीन वर्णांची ती काय कथा, असें मनाशीं म्हटलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही ओसरीवर बसलों होतों. समोरच्या अंगणांत एका गोंड कुटुंबाचें घर आहे. तेथील म्हातारी आजी सुपांत तांदूळ पाखडीत होती, आणि चिमी इतर पोरांसह तिच्याभोवतीं घोटाळत होती. एकाएकीं आरडाओरड झाली. ‘आजी, बाहुलीचा डोरा फुटला!’ म्हणून चिमी रडूं लागली. आजीनें समजूत घातली. पण तेवढ्यानें भागेना, म्हणून ती धांवत स्वयंपाकघरांत गेली, आणि तेथें रडत रडत म्हणाली, ‘आई, बाहुलीचा डोळा फुटला!’

आम्ही थक्क झालों. दोन्ही वाक्यांत पांच पळांचें अंतर नव्हतें. रडणें तें खरें, आसवें तींच; तरी उंबरठा ओलांडतांच ळ जागेवर आला होता. आम्हीं तिला जवळ घेऊन विचारलें, ‘चिमे, कोठें काय म्हणावें, हें तुला कोणीं शिकविलें?’ ती म्हणाली, ‘कोणीच नाहीं. आजीला मी डोळा म्हटलं, तर ती हंसते, आणि म्हणते, पाहुणी आली.’

हें उत्तर आम्हांस दिवसभर पुरलें. आमची नात त्या अंगणांत पाहुणी होऊं इच्छीत नव्हती. डोरा हा तिचा अशुद्ध उच्चार नव्हताच. त्या घरांत शिरण्याचा तिचा परवाना होता.

पुढें आम्ही शिकविण्याचें काम सोडून नुसतें पाहूं लागलों. त्या अंगणांत पाटी नाहीं, पुस्तक नाहीं. परंतु शिकवणी अखंड चालू असते. दारांतून आलेल्यास आधीं पाणी द्यावें, थोरांच्या बोलण्यांत तोंड घालूं नये, धाकट्यास आधीं वाटा द्यावा; हें कोणी सांगत नाहीं, आणि प्रत्येक पोर तसें करतें. आजीचा पांच वर्षांचा नातू आम्हांस अभिमानानें म्हणाला, ‘आम्ही सहा देवांचे.’ गोंडांत चार, पांच, सहा, सात अशा देवांच्या संख्येवरून कुळें ओळखतात. समान देवसंख्येचीं कुळें तीं भाऊबंद, आणि त्यांत सोयरीक होत नाहीं. आपल्या घरीं मुंजीच्या आधींच मुलगा गोत्र सांगूं लागतो, त्यांतलाच हा प्रकार. गडचिरोलीच्या माडिया लोकांत, तसेंच पलीकडे बस्तरच्या मुरियांत, याच कामासाठीं गोटुल नांवाची संस्था आहे. तेथें थोरलीं पोरें धाकट्यांस समाजांत कसें वागावें तें शिकवितात. मुरियांच्या गोटुलावर वेरियर एल्विन यांनीं १९४७ मध्यें मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

एका रात्रीं मंडईनिमित्त नाटक होतें. झाडीपट्टींत दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, आणि रात्रभर नाटकें चालतात. वडसा हें त्या नाटकमंडळ्यांचें मोठें केंद्र. आम्हीही कांबळें पांघरून जाऊन बसलों. पुढें पोरांची दाटी होती. कोठें हंसावें आणि कोठें गप्प व्हावें, हें तीं मागें वळून मोठ्यांच्या तोंडांकडे पाहून ठरवीत होतीं. कूली नांवाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९०२ मध्यें असें मांडलें कीं, दुसऱ्यांची मुद्रा हाच माणसाचा आरसा. आपण कोण, हें त्यांतच त्यास दिसतें. तें पहांटे तीन वाजतां त्या गर्दींत आम्हांस पटलें, आणि पटतांच एक जुनें शल्य वर आलें.

फार वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत झाडींतला एक मुलगा आला होता. त्याचें नांव आम्हांस आठवतें. येथें लिहीत नाहीं. वाचतांना तो ‘डोरा’ म्हणाला. आम्हीं त्यास उभें करून वीस वेळां ‘डोळा’ म्हणावयास लाविलें. जीभ वळेना, तसा वर्ग हंसूं लागला. आणि खरें सांगावयाचें, तर आम्हीही हंसलों. दुसऱ्या दिवसापासून ‘डोरा’ हेंच त्याचें नांव पडलें. वर्षभर त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं, आणि पुढल्या वर्षीं तो शाळेंतच आला नाहीं. आम्हांस वाटलें होतें, आपण त्यास ळ शिकविला. त्यास आम्हीं लाज शिकविली. चाळीस तोंडांचा आरसा त्याच्यापुढें धरला, आणि त्यांत त्याची आई, त्याचें अंगण, त्याची आजी, सारेंच हास्यास्पद करून दाखविलें.

आणि हें करणारे आम्ही कोण? संस्कृतचे शिक्षक! ऋग्वेदांतला ळ लौकिक संस्कृतांत लोपला, तरी कालिदासास आम्हीं कधीं बांकावर उभें केलें नाहीं. शाकुंतलांत सख्या शकुंतलेस ‘सउंदला’ म्हणतात. त्यांच्या प्राकृतांत श नाहीं, आणि त्यांना कोणी हंसत नाहीं. महाभाष्याच्या आरंभींच पतंजलि कांहीं ऋषींची गोष्ट सांगतात. ते नेहमींच्या बोलण्यांत अपभ्रष्ट शब्द वापरीत, व त्यावरूनच त्यांचें नांव पडलें होतें. परंतु यज्ञकर्मांत त्यांचा उच्चार कधीं चुकत नसे. ही गोष्ट आम्हीं कितीदां तरी शिकविली. तिचा अर्थ सहा वर्षांच्या पोरीनें स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आम्हांस समजावून दिला.

निघण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं सूनबाईंस हें सर्व सांगितलें. घरांतील भाषा घरांतील माणसांनीं बोलावी, गोष्टी सांगाव्या, स्तोत्रें म्हणावीं. मूल तें आपोआप उचलतें. त्यासाठीं अंगणांतली भाषा हिरावून घेण्याचें कारण नाहीं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पण काका, उद्यां पुण्याच्या शाळेंत कोणी हिला हंसलं तर?’

ह्यावर आम्हांजवळ तोडगा नव्हता. आम्हीं इतकेंच म्हटलें, ‘हंसणारे असतील, सूनबाई. आम्हीच हंसलों होतों. पण दोष हंसणाऱ्याच्या पदरीं घालावा, पोरीच्या नव्हे. आणि तिनें तो आपल्या पदरीं घेऊं नये, एवढें बळ तिला घरांतूनच मिळालें पाहिजे.’ ‘यंदा तरी राहूं दे तिला येथेंच,’ पुतण्या हळूच म्हणाला. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. पण पुण्याचा विषयही त्या रात्रीं पुन्हां निघाला नाहीं.

सकाळीं निघतांना समोरच्या आजीचा निरोप घ्यावयास गेलों. तिनें तांब्या पुढें केला. चिमी आमच्याकडे रोखून पाहत होती. आम्हीं आयुष्यांत प्रथमच म्हटलें, ‘आजी, पानी गोड आहे.’ आजी खळखळून हंसली. पाहुणा आला, असें मात्र ती म्हणाली नाहीं.